खोडीच्या मुळाशी जाणाऱ्या ताराबाई

शाळेच्या डायरीत लाल शाईचा शेरा आला की घरात काय होते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. वर्गात बडबड करतो, शेजारच्याला मारतो, जागेवर बसत नाही, गृहपाठ अपुरा. शेऱ्याखाली पालकाने सही करायची असते. सहीच्या आधी एक धपाटा बसतो आणि सही झाल्यावर, चारचौघांत मान खाली घालायला लावली म्हणून, दुसरा. दुसऱ्या दिवशी मूल शाळेत जाते ते आदल्या दिवशीपेक्षा अधिक घुश्शात. पंधरवड्यात पुन्हा शेरा येतो. दोन-तीन वर्षे असे चालले की त्या मुलाला शाळेत एक नाव पडते आणि पुढच्या इयत्तेच्या बाईंच्या कानावर ते नाव मुलाच्या आधी जाऊन पोहोचते.

या सगळ्या धावपळीत मूल असे का वागते, हे विचारायचे मात्र राहून जाते. हा एक प्रश्न ज्यांनी पन्नास वर्षे सोडला नाही, अशा एका मुंबईकर शिक्षिकेचे चरित्र या रविवारी आपल्यापुढे ठेवीत आहोत. ताराबाई मोडक हे नाव जुन्या दादरकरांना आठवत असेल. तरुण पालकांना कदाचित नसेल. पण अंगणवाडी हा शब्द त्यांना नक्कीच ठाऊक आहे, आणि तो शब्द ज्या कामातून रूढ झाला ते काम ताराबाईंचे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. गिरगावातल्या ज्या नाक्याला आपण आजही प्रार्थना समाज म्हणतो, तेथे त्या समाजाचे मंदिर आहे. १८६७ साली स्थापन झालेल्या या समाजाने मूर्तिपूजा व जातिभेद नाकारले, विधवाविवाहाचा पुरस्कार केला आणि कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. ताराबाईंच्या आई उमाबाई विधवा होत्या आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी विवाह केला होता. त्या काळी असा विवाह करणाऱ्या घराला भाऊबंदांत काय काय सोसावे लागे, हे वेगळे सांगायला नको. लोक काय म्हणतील याची धास्ती या घराने उंबऱ्याबाहेरच ठेवली होती आणि मुलीला शिकवायचे हेही ठरलेले होते. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या.

पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास दोघे कायमचे वेगळे झाले. पदरी लहान मुलगी, पाठीशी नवऱ्याचे घर नाही, हातात फक्त पदवी. त्या वेळच्या समाजात अशी बाई कुठे उभी राहू शकत होती, याचा विचार आपल्या पॅरिशमधल्या एकट्याने मुले वाढवणाऱ्या भगिनी आमच्यापेक्षा चांगला करू शकतील. ताराबाईंनी राजकोटची वाट धरली. तिथल्या बार्टन स्त्री-अध्यापन महाविद्यालयात त्या प्राचार्य झाल्या. शिक्षिका घडवण्याचे ते काम होते. पगार बरा, मान मोठा.

ते सारे सोडून १९२३ साली त्या भावनगरला गेल्या, कारण तिथे गिजुभाई बधेका नावाचे एक वकील वकिली सोडून लहान मुलांची शाळा चालवीत होते.

गिजुभाईंविषयी थोडे सांगायला हवे. स्वतःला मुलगा झाल्यावर, त्याला आपण शिकलो तसल्या शाळेत घालायचे का, या विचाराने ते बेचैन झाले आणि पुस्तके शोधता शोधता इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांच्या लेखनापर्यंत पोहोचले. १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढले. मुले त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत. गुजरातेत लोक त्यांना मिशाळ आई म्हणू लागले!

मॉन्टेसरीबाई स्वतः डॉक्टर आणि कॅथोलिक. रोममध्ये मतिमंद ठरवून वेड्यांच्या इस्पितळात टाकलेल्या मुलांबरोबर त्यांनी काम सुरू केले. त्या मुलांच्या हातांना त्यांनी काम दिले, वस्तू दिल्या, आणि काही काळाने त्यांतली काही मुले साध्या शाळेतल्या मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी बाईंचे कौतुक केले. बाई मात्र वेगळ्याच काळजीत पडल्या. ही मुले जर तिथवर येऊ शकतात, तर साध्या शाळेतली धडधाकट मुले तिथेच का अडून राहिली? त्यांना शाळेने काय केले? ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. तिथली मुले चाळीतल्या आपल्या मुलांसारखीच होती. आईबाप दिवसभर कामावर आणि मुले जिन्यात हुंदडत, भिंती खराब करीत.

तिथे त्यांना जे दिसले ते थोडक्यात असे. एक मूल मारते, दुसरे वस्तू फेकते, तिसरे आईचा पदर सोडत नाही, चौथे खिडकीबाहेर बघत तासन् तास बसते. ही आपल्याला चार वेगळी मुले वाटतात. एक द्वाड, एक नासक्या हाताचे, एक रडके, एक मंद. मॉन्टेसरीबाईंच्या मते यांचे मूळ बहुधा एकच असते. मुलाच्या अंगात जी शक्ती आहे तिला वाट मिळालेली नसते, आणि अडलेले पाणी जसे कुठूनही फुटते तशी ती कुठूनही फुटते. त्या मुलाला स्वतःच्या हातांनी करण्याजोगे, त्याच्या वयाला झेपेल असे खरे काम मिळाले, पाणी ओतणे, फरशी पुसणे, गुंडी लावणे, ठोकळे रचणे, आणि मोठ्या माणसाने मध्ये न येता ते पुरे करू दिले, की एक दिवस ते मूल त्या कामात बुडून जाते. त्यानंतर खोडी हळूहळू गळून पडते. तिला वेगळे औषध द्यावे लागत नाही.

गिजुभाई आणि ताराबाईंनी हे सारे घेतले, पण डोळे मिटून नव्हे. मॉन्टेसरीबाईंना अगदी लहान मुलांना परीकथा सांगणे पसंत नव्हते. भावनगरच्या बालमंदिरात मात्र गोष्टी होत्या, गाणी होती, नाटके होती. आमच्या मते या बाबतीत आपलीच माणसे बरोबर होती. गोष्टीवाचून वाढलेले मराठी किंवा गुजराती मूल आम्हाला तरी कल्पनेत आणता येत नाही.

बालमंदिरात छडी नव्हती. ही गोष्ट ऐकून आज कुणी चकित होणार नाही. पण तिथे बक्षीसही नव्हते, हे ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या भुवया वर जातील. पहिला नंबर नाही, तारा नाहीत, शाबासकीची फीत नाही. यामागचा विचार असा की शिक्षेच्या भीतीने गप्प बसणारे मूल आणि चॉकलेटच्या आशेने गप्प बसणारे मूल, दोघेही बाईंच्या तोंडाकडे बघून वागतात. बाई वर्गाबाहेर गेल्या की दोघांचाही संयम संपतो. शिस्त मुलाच्या आतून यायची तर त्याचे लक्ष बाईंवरून निघून कामावर जायला हवे. मग बाईंनी करायचे काय? पाहायचे. कोणते मूल कधी चिडले, त्याआधी काय घडले, कुणाशेजारी बसले की ते शांत असते, कोणत्या वस्तूकडे पुन्हा पुन्हा जाते, हे पाहायचे आणि लक्षात ठेवायचे. सांगायला सोपे आहे. तीस-चाळीस मुलांच्या गलक्यात करायला किती कठीण आहे, ते आपल्या पॅरिशमधल्या शिक्षिकांना विचारावे.

१९२६ साली गिजुभाई व ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. संघाची शिक्षणपत्रिका आधी गुजरातीत आणि पुढे मराठीतही निघू लागली. मराठी पत्रिकेची धुरा ताराबाईंकडे होती. १९३६ साली त्या मुंबईला परत आल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केला. त्याला जोडून बालशिक्षिका तयार करण्याचे अध्यापन मंदिर आले.

दादरमध्ये ताराबाईंना एक नवीन अडचण भेटली, आणि ती होती पालकांची. हिंदू कॉलनी तेव्हा शिकल्यासवरल्या मध्यमवर्गीयांची नवी वसाहत. मुलाला शाळेत घातले म्हणजे त्याने लवकर अक्षरे गिरवावीत, पाढे म्हणावेत, पाहुण्यांपुढे कविता म्हणून दाखवावी, अशी घराची अपेक्षा. मूल ऐकेनासे झाले की घरात दोनच उपाय माहीत होते, लाड किंवा मार. ताराबाईंच्या पुस्तकांची नावे पाहिली तरी त्यांचे बोलणे कुणाशी चालले होते ते कळते. बालकांचा हट्ट, बालविकास व शिस्त, बिचारी बालके. हट्ट हा शब्द आपण मुलाच्या वाईट गुणांत मोजतो. ताराबाईंसारख्या शिक्षिकेच्या नजरेतून पाहिले तर हट्टाचे पुष्कळदा वेगळेच रूप दिसते. दोन-अडीच वर्षांचे मूल सदऱ्याच्या गुंड्या स्वतः लावू पाहते. आईला घाई असते. ती हात झटकून लावून टाकते. मूल जमिनीवर लोळण घेते. आई म्हणते, किती हट्टी! वास्तविक ते मूल काम करू मागत होते. असे प्रसंग दिवसातून दहा वेळा घडले आणि वर्षभर घडत राहिले, की शाळेत जाते ते मूल आधीच लढाईच्या पवित्र्यात असते.

याच सुमारास मुंबईत दुसरीकडेही या प्रश्नाला हात घातला जात होता. नागपाड्याला १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, म्हणजे आजची देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था. तिने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र काढले. भारतातले ते पहिले असे केंद्र मानले जाते. शाळेत न जाणारी, चोरी करणारी, फार भांडणारी मुले तिथे आणली जात आणि घरची परिस्थिती समजून घेऊन उपाय सुचवला जाई. दोन्ही कामे एकमेकांना पूरकच म्हणायची. केंद्रात एकेक मूल येत होते. ताराबाईंची दृष्टी मात्र शाळेच्या मांडणीवर होती. शंभर मुलांना त्रास होईल अशी शाळा चालवायची आणि त्यांतल्या दहांना केंद्रात पाठवायचे, यात त्यांना समाधान नसते. तशी त्यांची सारी कारकीर्दच सांगते.

आता हिंदू कॉलनीपासून परळ, लालबागच्या गिरणगावापर्यंत अंतर ते किती! चालत जाण्याजोगे. तरी त्या वेळच्या बालमंदिरांचे साहित्य महाग, जागा प्रशस्त, शिक्षिका पदवीधर. गिरणीकामगाराच्या आणि खेड्यातल्या मुलांना त्याचा काय उपयोग, हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. गांधीजींचा आक्षेपही हाच होता की बालशिक्षण खेड्याला परवडेल असे आणि खेड्यातल्याच वस्तूंचे हवे. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी दादरची घडी बसलेली शाळा सहकाऱ्यांवर सोपवली आणि डहाणू तालुक्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. मोरगावात जन्मलेल्या अनुताई लहानपणीच विधवा झाल्या होत्या आणि शिकून शिक्षिका झाल्या होत्या. पुढे या दोघींची नावे एकत्रच घेतली जाऊ लागली. १९५७ साली काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वस्ती वारली आदिवासींची.

हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. सावकार आणि जमीनदारांनी वारल्यांना वेठीला धरले होते. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या कर्जापायी नवराबायको दोघेही आयुष्यभर मालकाचे गडी होऊन राहत. बोर्डीचे काम सुरू झाले त्याच १९४५ साली या वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला. अशा लोकांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि मुले आलीच नाहीत.

इथे थोडे थांबू या, कारण ताराबाईंचे मोठेपण आम्हाला या जागी दिसते. शाळेत न येणे हे शाळेच्या दृष्टीने सर्वांत मोठे गैरवर्तन. आलेले मूल पळून जाणे त्याच्या खालोखाल. सरकारी दप्तरात अशा मुलांसाठी शब्द तयार असतात: अनियमित, गैरहजर, शिक्षणाची आवड नाही. आदिवासींना शिकायचेच नसते, हे वाक्य शहाणीसुरती माणसेही सहज बोलून जात. ताराबाई व अनुताई पाड्यांवर गेल्या आणि मुले त्या वेळी कुठे असतात ते त्यांनी पाहिले.

सहा-सात वर्षांची मुलगी घरी होती, कारण तिच्या कडेवर वर्षाचे भावंड होते. आई शेतावर किंवा मालकाकडे. मुलगी शाळेत गेली तर बाळाला कोण पाहणार? तिला शाळा नको होती असे नव्हे. तिला नोकरी होती, बिनपगारी. यावर उपदेश करून काही होणार नव्हते. म्हणून एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी तिन्ही एकत्र आणली गेली. ताईने यावे, बाळाला पाळणाघरात ठेवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि स्वतः वर्गात बसावे. या रचनेला विकासवाडी हे नाव मिळाले. मुलगी बदलली नाही, तिच्या कडेवरचे ओझे उतरले, आणि ती शाळेत दिसू लागली.

दहा-बारा वर्षांचा मुलगा शाळेत नव्हता, कारण तो गुरांमागे रानात होता. गुरे राखली नाहीत तर घरात भाकरी कमी. मग शिक्षकच पिशवी घेऊन कुरणात गेले. गुरे चरताहेत आणि मुले झाडाखाली शिकताहेत, अशी ती कुरणशाळा. शाळेची वेळ आणि जागा गुरांनी ठरवली!

अगदी लहान मुले बालवाडीत येत नव्हती, कारण पाड्यापासून बालवाडी दूर आणि तीन वर्षांच्या मुलाला तिथवर सोडायला घरात कुणी मोकळे नाही. तेव्हा बालवाडी उठून पाड्यावर गेली, कुणाच्या तरी अंगणात. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. अंघोळ, केस विंचरणे, नखे काढणे हाच पहिला पाठ. कारण खरजेने अंग खाजत असलेल्या आणि पोटात काही नसलेल्या मुलाकडून स्वस्थ बसण्याची अपेक्षा करणे हा निर्दयपणा आहे. खेळण्यांचे साहित्य शंख, शिंपले, चिंचोके, पाने, दगड, बांबू. मॉन्टेसरीबाईंच्या रोममधल्या चकचकीत ठोकळ्यांचे काम कोसबाडला चिंचोक्यांनी केले, आणि ठीक केले.

तीन प्रकारची मुले, तीन कारणे, तीन वेगळे उपाय. शेरा मात्र तिघांचा एकच असता: गैरहजर.

आपल्या भागात गुरे नाहीत. म्हणून ही गोष्ट डहाणूकडची आहे, आपली नाही, असे कुणाला वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. सकाळी धाकट्या भावाला आधी त्याच्या शाळेत पोहोचवून मग स्वतःच्या शाळेत धावणारी मुलगी आपल्या चाळींत आहे. तिला उशिरा आल्याबद्दल रोज दाराशी उभे करतात. रात्रपाळी करून आलेले वडील दिवसा एकाच खोलीत झोपतात, तेव्हा आवाज करायचा नाही, पाय आपटायचे नाहीत, बाहेर गाड्या आहेत म्हणून जायचे नाही, अशा घरातला मुलगा शाळेच्या मोठ्या वर्गात शिरताच उधळतो, यात नवल नाही. त्याला दिवसभरात तेवढीच मोकळी जागा मिळालेली असते. घरात मराठी, शाळेत इंग्रजी. बाई काय म्हणताहेत ते अर्धेच कळते आणि कळले नाही असे सांगायची लाज वाटते. तेव्हा वेंधळा म्हणवून घेण्यापेक्षा मस्तीखोर म्हणवून घेणे मुलाला अधिक मानाचे वाटते, कारण वर्ग निदान हसतो तरी. आणि काही घरांत रात्री बाटली येते, भांडण होते, हात उगारला जातो. त्या रात्री जागे राहिलेले मूल सकाळी पहिल्या तासाला शेजाऱ्याला मारते. त्या मारण्याचा शेजाऱ्याशी काही संबंध नसतो. आम्ही कुणा एका घराविषयी हे लिहीत नाही. पण वाचताना एखादे घर डोळ्यांपुढे आले, तर ते मनातून लगेच पुसू नये.

आणखी एक गोष्ट न सांगणे ताराबाईंच्या वाचकांवर अन्याय होईल. मुलाला प्रेम, मोकळीक आणि काम दिले की सारे सुरळीत होते, असा समज त्या काळच्या बालशिक्षणवाल्यांच्या लेखनातून होऊ शकतो. आज आपल्याला अधिक माहीत आहे. फळ्यावरचे न दिसणारे मूल बोलते, उठते, दुसऱ्याच्या वहीत डोकावते. त्याला आधी चष्मा हवा. एका कानाने कमी ऐकणारे मूल हाक मारूनही ओ देत नाही आणि उद्धट ठरते. काही मुलांची बुद्धी उत्तम असूनही अक्षरे त्यांच्यापुढे नाचतात. वाचणे, लिहिणे किंवा गणित त्यांना फार जड जाते. त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत सवलतीही मिळतात. काहींना एका जागी लक्ष टिकवणे मेंदूच्या घडणीमुळेच कठीण असते. ही आळसाची किंवा वाईट संस्कारांची लक्षणे नव्हेत, आणि ती मोकळ्या अंगणानेही बरी होत नाहीत. त्यासाठी तपासणी हवी. सायन आणि नायर या आपल्या महापालिकेच्या रुग्णालयांत अशी तपासणी अनेक वर्षे होत आली आहे. नातेवाईक काय म्हणतील म्हणून पालक वर्षानुवर्षे तिथे जात नाहीत आणि तोवर मुलाने स्वतःला ढ मानून टाकलेले असते. दहावीच्या तोंडावर धावाधाव करण्यापेक्षा तिसरी-चौथीत गेलेले केव्हाही चांगले.

छडीचे म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. छडी बरीचशी गेली. वर्गापुढे उभे करून हसे करणे तितकेसे गेलेले नाही, आणि घरात तर कायदा शिरतच नाही. आमचे स्पष्ट मत आहे की मार खाऊन सुधारलो असे अभिमानाने सांगणारी आपली पिढी एक गोष्ट विसरते. आपल्याबरोबर मार खाऊन चौथीत शाळा सोडलेली मुलेही होती. ती ही गोष्ट सांगायला आपल्या बैठकीत नसतात.

कोसबाडला शिक्षिकेने घरी जाणे हा कामाचा भाग होता. मूल का आले नाही, का रुसले, का मारते, याचे उत्तर शाळेत बसून मिळत नाही हे तिथे गृहीत होते. आजच्या मुंबईत साठ मुलांच्या बाईंना साठ घरी जाणे शक्य नाही, हे मान्य. पण घराने शाळेत जाऊन बाईंना सांगणे शक्य आहे. आजी गेली, बाबांचे काम सुटले, घर बदलले, धाकटे बाळ आले. पालकसभेत आपण गुण किती ते विचारतो. हे सांगत नाही. घरची लाज बाहेर कशाला, म्हणून झाकतो, आणि मग त्या मुलाच्या वागण्याचा अर्थ बाईंनी लावायचा तरी कशावरून?

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. कोसबाडचे काम आदिवासी बालशिक्षणाचा नमुना म्हणून देशभरातून पाहिले जाऊ लागले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म १८७० सालचा, आणि तारीख हीच, ३१ ऑगस्ट. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पाड्यावरच्या एका अंगणाचा शब्द काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गेला. त्यातली किती केंद्रे ताराबाईंना आवडली असती, हा भाग वेगळा. पुष्कळ ठिकाणी खिचडी शिजते, वजन होते, नोंदवही भरते. मुलाच्या हातांना काम देण्यापर्यंत गाडी पोहोचत नाही. सेविकांना एवढी कामे लावल्यावर दोष तरी कुणाला द्यायचा?

कोसबाडची धुरा अनुताईंनी पुढे वाहिली. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ साली त्या गेल्या. दोघींच्या या साऱ्या धडपडीचा वृत्तान्त अनुताईंनी कोसबाडच्या टेकडीवरून या पुस्तकात लिहून ठेवला आहे. पुस्तक साध्या भाषेत आहे, सातवी-आठवीतली मुलेही वाचू शकतील. आपल्यापैकी कुणाला हवे असल्यास दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून पाहावे. तिथून हिंदू कॉलनीही चालण्याच्या अंतरावर आहे.